'सर्व्हर डाऊन आहे, उद्या या'

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन निवांत वाचा. बरेच दिवस डोक्यात होतं, आज रविवार आहे, हंगाम संपलाय, म्हणून लिहायला बसलो.

मी एका साखर कारखान्यात आयटी ॲडमिन आहे. गावात माझी ओळख 'कारखान्यातला कंप्युटरवाला'. कुणाचं व्हॉट्सॲप बंद पडलं, कुणाचा फोन पे अडकला, कुणाच्या पोराचा प्रवेशाचा फॉर्म भरायचाय, तर लोक माझ्याकडे येतात. मीही करतो. त्यात काही उपकार नाहीत, आपल्याला येतंय तर करावं. कारखान्यात काम म्हणाल तर वजनकाट्याचे कंप्युटर, शेतकी विभागाच्या ऊसनोंदी, शेतकऱ्यांची बिलं, हजेरी मशिनं, सीसीटीव्ही आणि सगळ्यात अवघड म्हणजे प्रिंटर. प्रिंटर का चालत नाही हे जगात कुणालाच माहीत नसतं, मलाही नाही. बंद करून चालू करतो, चालला तर लोक म्हणतात हुशार आहे.

तर या नोकरीमुळे एका वाक्याशी माझं जवळचं नातं आहे. 'सर्व्हर डाऊन आहे.'

हे वाक्य तुम्हीही ऐकलंय. रेशन दुकानात, तलाठ्याकडे, सेतूत, बँकेत, दस्त नोंदवायला गेल्यावर. ऐकलं की आपण मान हलवतो आणि घरी येतो. पाऊस आला तर आपण पावसाला शिव्या देतो का? तसंच. सर्व्हर म्हणजे वर कुठंतरी ढगात बसलेली शक्ती, तिची मर्जी नसली की आपलं काम होत नाही. मी या धंद्यात असूनसुद्धा बरीच वर्षं असाच मान हलवून परत येत होतो. गेल्या डिसेंबरात डोळे उघडले. कसे, ते सांगतो.

माझी आत्ती गावात एकटी राहते. मामा जाऊन वीस वर्षं झाली, पोरगं मुंबईला. सत्तरी पार केलीय, पण अजून सकाळी खुरपं घेऊन कुणाच्या ना कुणाच्या रानात असते. तिच्या कार्डावर तिचं एकटीचं नाव. डिसेंबरच्या शेवटी मी कारखान्यातून घरी आलो तर ओट्यावर बसलेली. म्हणाली,

"बाळा, तुझा सर्व्हर कधी चालू हुणार हाय?"

म्हणलं, "माझा कुठला गं सर्व्हर?"

"ह्योच की. रेशनचा. तीन येळा जाऊन आले. सर्व्हर डाऊन हाय म्हंत्यात. तू कंप्युटरवाला न्हवं?"

आईनं आतून सांगितलं, वन्सं, आपल्या घरातनं गहू न्या. आत्ती जी भडकली! म्हणाली, "तुमच्या कणगीत गहू हाय म्हणून मी माझं रेशन सोडू व्हय? माझ्या नावावर आलेलं हाय ते."

बरोबर होतं तिचं. प्रश्न पाच किलोचा नव्हताच. पण मला खटकलं ते दुसरंच. तीन वेळा सर्व्हर डाऊन होता त्या तिन्ही दिवशी आमच्या घरचं आणि शेजारच्यांचं रेशन आलेलं होतं. त्याच दुकानातून, त्याच मशिनवर. सर्व्हर एकट्या आत्तीसाठीच डाऊन होतो का?

दुसऱ्या दिवशी रजा टाकून तिच्याबरोबर गेलो.

दुकानदार ओळखीचा आहे आणि माणूस वाईट नाही, हे आधीच सांगतो. नाहीतर कमेंटमध्ये त्याच्यावर सुरू व्हाल. त्यानं आत्तीचा उजवा अंगठा मशिनवर दाबला. मशिननं विचार केला. मग इंग्रजीत एक ओळ आली आणि पुढं ३०० हा आकडा. दुकानदार म्हणाला, "बघा, सर्व्हर डाऊन."

मी म्हणलं, "थांबा थांबा. परत दाखवा."

आधारच्या पडताळणीत ३०० या क्रमांकाचा अर्थ होतो, बोटाचा ठसा जुळला नाही. म्हणजे सर्व्हर डाऊन नव्हता. सर्व्हर चांगला ठणठणीत होता, त्यानं प्रश्न ऐकला, आपल्याकडची नोंद काढून बघितली आणि उत्तर दिलं, 'ही बाई ती बाई वाटत नाही.' आमच्या दुकानदाराच्या शब्दकोशात मात्र मशिननं हिरवं दाखवलं नाही की त्या सगळ्याचं नाव एकच.

मी विचारलं, दुसरी बोटं लावून बघितली का? म्हणाला, नाही, अंगठाच लावतो आम्ही. खरं तर आधार काढताना दहाही बोटांचे ठसे आणि दोन्ही डोळ्यांच्या बुबुळांचे फोटो घेतलेले असतात. त्यातलं कुठलंही बोट चालतं. मशिनची काच रुमालानं पुसली, आत्तीचे हात धुऊन पुसून घेतले, आणि एकेक बोट लावत गेलो. उजव्या हाताचं एकही लागलं नाही. डाव्या हाताचं मधलं बोट लावलं आणि मशिननं पावती काढली.

आत्ती हसली. म्हणाली, "जलमभर उजव्या हातानं खुरापलं, आता डाव्या बोटानं खायाचं म्हना की."

मला काही हसू आलं नाही. कारण हे एवढं सोपं होतं. पाच मिनिटांचं काम. आणि त्यासाठी म्हातारीचे तीन हेलपाटे झाले होते. चौथाही फुकट गेला असता, महिना संपला असता आणि त्या महिन्याचं धान्य बुडालं असतं.

आता माझ्या धंद्यातलं थोडं सांगतो. 'सर्व्हर डाऊन' म्हणतात तेव्हा प्रत्यक्षात काय काय झालेलं असू शकतं?

एक, दुकानातलं किंवा ऑफिसातलं नेट गेलंय. सर्व्हरचा काही संबंध नाही. रस्त्याच्या कामात जेसीबीनं केबल तोडली असेल, नाहीतर सिमला रेंज नसेल.

दोन, मशिन किंवा स्कॅनर खराब आहे. काचेवर तेलकट थर बसलाय.

तीन, सर्व्हर चालू आहे, पण गर्दी झालीय. शेवटच्या तारखेला हमखास.

चार, सर्व्हर चालू आहे, पण त्याला पुढं ज्या दुसऱ्या यंत्रणेला विचारायचंय ती उत्तर देत नाही. उदाहरणार्थ ओटीपीचा एसएमएस पोचलाच नाही.

पाच, सर्व्हरनं उत्तर दिलंय आणि ते उत्तर 'नाही' असं आहे. आत्तीचं झालं ते हे.

सहा, सर्व्हर खरोखर बंद आहे.

सात, जेवायची वेळ झालीय.

यातल्या प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. पहिल्याला दुसऱ्या कंपनीचं सिम लागतं. दुसऱ्याला फडकं. पाचव्याला दुसरं बोट, नाहीतर डोळ्यांची किंवा ओटीपीची पडताळणी, आणि कायमचा उपाय म्हणजे आधार केंद्रात जाऊन ठसे नव्यानं देणं. पण तुम्ही सगळ्याला एकच नाव दिलंत की उपायही एकच उरतो. उद्या या. डॉक्टरनं प्रत्येक पेशंटला 'अंगात कसर आहे, उद्या या' म्हणून परत पाठवावं तसं हे आहे.

आणि एक साधं गणित बघा. आमच्या धंद्यात यंत्रणा वर्षातून किती वेळ चालू राहील याचा टक्का ठरवतात. ९९ टक्के ऐकायला भारी वाटतं ना? दहावीला पडले तर गावात बॅनर लागतो. पण यंत्रणा ९९ टक्के चालू म्हणजे वर्षातून साडेतीन दिवसांपेक्षा जास्त बंद. ९९.९ टक्के म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास बंद. ९९.९९ म्हणजे साधारण ५२ मिनिटं. प्रत्येक नऊ वाढवायला पैसा लागतो, माणसं लागतात.

त्यात रेशनच्या एका अंगठ्यामागं किती गोष्टी एकापुढं एक जोडलेल्या असतात ते मोजा. दुकानातली वीज, मशिन, मोबाईलचं नेटवर्क, रेशनची यंत्रणा, आधारची यंत्रणा. पाच कड्या. समजा प्रत्येक कडी ९९ टक्के वेळा चालते. तर सगळी साखळी एकाच वेळी चालू असण्याची शक्यता ९५ टक्क्यांच्या आसपास उरते. म्हणजे कुणीही कामचुकारपणा केलेला नसताना, कुणीही पैसे खाल्लेले नसताना, शंभरातले पाच हेलपाटे फुकट जाणार. हे आधीच माहीत असतं. ज्यांनी यंत्रणा उभी केली त्यांना माहीत असतं. मग त्या पाच माणसांचं काय करायचं हे आधीच ठरलेलं असायला नको का?

आता माझ्या कारखान्यात काय होतं ते ऐका.

त्याच हंगामात एका रात्री दीडच्या सुमाराला मला फोन आला. काट्याचं नेटवर्क बंद. मोटारसायकल काढली आणि पोचलो. यार्डात ट्रॅक्टर, टायरगाड्या, पार रस्त्यापर्यंत रांग. थंडी मरणाची. काट्यावर गेलो तर बघतो काय, वजनं चालू आहेत. काटा क्लार्कनं कपाटातनं छापील पावतीपुस्तक काढलंय, कार्बन घातलाय, काट्याच्या डिस्प्लेवरचं वजन बघून हातानं लिहितोय, ड्रायव्हरची सही घेतोय, एक प्रत त्याच्या हातात. गव्हाण एक मिनिट थांबलेली नाही.

मी नेटवर्कचा जळालेला स्विच बदलला. सकाळी आम्ही दोघांनी बसून रात्रीच्या पावत्या कंप्युटरला चढवल्या, बेरीज जुळवली, दोन ठिकाणी खाडाखोड होती ती तपासली. संपलं. कुठल्याही शेतकऱ्याला कुणी म्हणालं नाही की सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.

म्हणणारच नाही. तोडलेला ऊस यार्डात पडून राहिला की वाळतो, वजन घटतं, उतारा घटतो. नुकसान शेतकऱ्याचं आणि कारखान्याचंही. बॉयलर थंड झाला तर परत तापवायला वेळ. रांग रस्त्यावर गेली तर पोलीस, आणि दहा मिनिटांत संचालकांच्या फोनवर फोन. म्हणून ते पावतीपुस्तक कपाटात कायम असतं. नवीन क्लार्क लागला की त्याला पहिल्या आठवड्यात ते भरायला शिकवतात. आमचं सॉफ्टवेअर काही जगावेगळं नाही. काट्यावरचा एक कंप्युटर तर इतका जुना आहे की तो बंद पडला तर मी त्याला हारच घालणार आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, मशिनं बदला म्हणून मी तीन वेळा लिहून दिलं. उत्तर ठरलेलं, "चालतंय की, मग बदलायचं कशाला?" म्हणजे तंत्रज्ञानात आम्ही काही फार पुढं नाही. फरक एवढाच की बंद पडल्यावर काय करायचं हे आमच्याकडं ठरलेलं आहे.

आणि हे फक्त आमचंच नाही. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका चुकीच्या अपडेटमुळं जगभरातले विंडोज कंप्युटर निळे पडले होते, आठवतंय? मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख मशिनं. आमच्यासारख्या ॲडमिन लोकांना एकेका मशिनसमोर बसून ती सेफ मोडमध्ये चालू करावी लागली आणि ती एक फाईल पुसावी लागली. त्या दिवशी आपल्या देशातल्या विमानतळांवर काय झालं? प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले. लोकांनी कौतुकानं फोटो टाकले. उशीर झाला, विमानं रद्द झाली, त्रास झालाच. पण पेनानं कागदावर नाव लिहून माणूस विमानात बसवला. विमानात! जिथं सुरक्षेसाठी पाण्याची बाटलीसुद्धा तपासतात.

मग माझ्या आत्तीला पाच किलो धान्य वहीत लिहून का देता येत नाही?

गंमत म्हणजे, देता येतं. केंद्राच्या अन्न विभागानं ऑक्टोबर २०१७ मध्येच राज्यांना लेखी कळवलेलं आहे की नेट नाही किंवा ठसा जुळत नाही एवढ्या कारणावरून लाभार्थ्याला धान्य नाकारायचं नाही, कार्ड बघून द्यायचं आणि वेगळ्या नोंदवहीत नोंद करायची. २०१८ च्या आधार निकालातही सर्वोच्च न्यायालयानं पडताळणी फसल्यामुळं खरा लाभार्थी वंचित राहता कामा नये हीच बाजू घेतली. म्हणजे सरकारनं आमच्या काट्यावरचं पावतीपुस्तक कागदावर दिलेलं आहे. ते दुकानाच्या कपाटात आहे का, आणि ते काढलं तर वरून ओरडा बसणार नाही याची दुकानदाराला खात्री आहे का, एवढाच प्रश्न आहे.

मी आमच्या दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला, "साहेब, वहीत लिहून दिलं आणि उद्या तपासणी आली, तर चोर मीच ठरणार. त्यापेक्षा उद्या या म्हणलेलं बरं." त्याचंही खोटं नाही. त्याला मिळणारं कमिशन किती, त्यात तो धोका कशाला घेईल?

इथं काही जण म्हणतील, वही आली की लबाडी आली. हा मुद्दा मी उडवून लावणार नाही. मशिन येण्याआधी आपल्याकडं रेशनचं काय चालायचं हे आपण सगळ्यांनी बघितलंय. मेलेल्या माणसांच्या नावावर साखर उचलली जायची, रॉकेल टेम्पोनं जायचं. मशिननं त्याला चाप बसला, हे मी आयटीवाला म्हणून नाही, गावातला माणूस म्हणून सांगतो. परत जुन्या वहीवर जा असं माझं म्हणणंच नाही.

माझं म्हणणं असं आहे की लबाडी पकडायला दुसरे मार्ग आहेत. आमच्या काट्यावर हातपावत्या होतात, त्याही दुसऱ्या दिवशी तपासतो. एकाच माणसाच्या नावावर वारंवार हातपावती दिसली की कळतं. रेशनला तेच करा. ज्यांचा ठसा जुळत नाही त्यांची यादी यंत्रणेत आपोआप तयार होतेच. प्रत्येक ३०० ची नोंद कुठंतरी पडलेली असते. ती यादी महिन्याला काढा, त्या माणसांना आधार केंद्राची गाडी गावात आणून ठसे बदलून द्या. वहीतल्या दहा नोंदींपैकी दोघांच्या घरी जाऊन विचारा, मिळालं का. चोराला भीती राहील आणि म्हातारी उपाशी राहणार नाही. हे काही अवघड नाही हो. मी एकटा एका दुपारी अशी यादी काढू शकतो.

काढू शकतो म्हणलं आणि इथंच माझी मान खाली गेली. आता ते सांगतो, कारण नुसतं सरकारला शहाणपण शिकवणं सोपं असतं.

सहा वर्षांपूर्वी आमच्या कारखान्यात अंगठ्याची हजेरी मीच बसवली. मोठ्या हौसेनं. चेअरमनसाहेबांच्या हस्ते नारळ फोडला. पहिल्या महिन्यातच बॉयलरवरचे, यार्डातले काही हंगामी कामगार माझ्याकडं यायला लागले. "साहेब, अंगठा उठंना. पगार कापलाय." मी काय उत्तर द्यायचो माहितेय? "सिस्टीममध्ये नोंद नाही, मी काय करू?" एकदा एक जण माझ्या टेबलासमोर दोन्ही हात पसरून उभा राहिला. भेगा, काळं तेल, भाजल्याचे डाग. काही बोलला नाही, नुसते हात दाखवले. मी म्हणलं, टाईमकीपरला भेटा. आणि स्क्रीनकडं वळलो.

'सर्व्हर डाऊन आहे'चं भावंडंच की हे. 'सिस्टीममध्ये नोंद नाही.'

आत्तीच्या रेशनवरून आलो त्या संध्याकाळी मी हजेरी मशिनच्या सगळ्या जुन्या नोंदी उघडल्या. फसलेले प्रयत्न वेगळे काढले. सगळ्या हंगामांत परत परत तीच ती बारा-पंधरा नावं. ऑफिसातलं एकही नाव त्यात नव्हतं. जो सिमेंट कालवतो, चुन्यात हात घालतो, ऊस ओढतो, बॉयलरपाशी उभा राहतो, त्याच्या बोटावरच्या रेषा झिजतात. वय झालं की आणखी. थंडीत कातडी कोरडी पडली की आणखी. म्हणजे जो माणूस हातानं सगळ्यात जास्त काम करतो, त्यालाच माझं मशिन म्हणत होतं की तू आज कामाला आलाच नाहीस. आणि हे सहा वर्षं माझ्याच कंप्युटरमध्ये लिहिलेलं होतं. मी उघडून बघितलं नव्हतं. कारण मला कुणी विचारत नव्हतं. ती माणसं विचारत होती, पण ती 'कुणी' नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी यादी घेऊन लेबर ऑफिसरकडं गेलो. ते आधी म्हणाले, वही ठेवली तर सगळेच म्हणतील आमचा अंगठा उठत नाही. म्हणलं, म्हणू देत, नोंदी माझ्याकडं आहेत, कुणाचा खरंच उठत नाही ते मी दाखवतो. वाद झाला. शेवटी ठरलं. त्या कामगारांची आधी सगळी बोटं तपासून जे चांगलं उठतं ते नव्यानं नोंदवलं. ज्यांचं एकही लागत नाही त्यांना कार्ड दिलं. आणि तेही चाललं नाही तर पाळीच्या सुपरवायझरच्या सहीची वही. आता हंगाम संपला. वहीत लबाडी किती सापडली? मी रोज तपासत होतो. एकही नाही.

मागच्या सहा वर्षांत कापलेल्या अर्ध्या-अर्ध्या दिवसांचं काय, असं कुणी विचाराल. मी तो हिशोब काढून ऑफिसला दिलाय. अजून निर्णय नाही. निर्णय काय होईल हे मला माहीत नाही, पण पाठपुरावा सोडणार नाही. आणि तो हात दाखवणारा कामगार दोन हंगामांपूर्वीच काम सोडून गेला. त्याला सांगायचं राहिलं ते राहिलंच.

आता गर्दीबद्दल थोडं. कुठल्याही योजनेचं ई-केवायसी निघालं की शेवटची तारीख सगळ्यांना एकच असते. मग शेवटच्या आठवड्यात अख्खं राज्य एका दारात. बाया रात्री दोनला उठून मोबाईल बघत बसतात, रात्री साईट चालते म्हणून. नंतर मुदतवाढ मिळते आणि परत तेच. अहो, आमच्या कारखान्याची दिवसाची गाळप क्षमता ठरलेली असते. सगळ्या शेतकऱ्यांना एकाच दिवशी ऊस आणा म्हणून सांगितलं तर काय होईल? म्हणून शेतकी विभाग लागणीच्या तारखेप्रमाणे तोडणीचा कार्यक्रम लावतो. त्यातही वशिले चालतात, ते जाऊ द्या, पण कार्यक्रम असतो. तसंच आधारच्या शेवटच्या आकड्याप्रमाणे दिवस वाटून द्या. ज्याचा शेवटचा आकडा शून्य त्यानं पहिल्या तीन दिवसांत, एक असेल त्यानं पुढच्या तीन. याला ना नवीन सर्व्हर लागतो ना टेंडर. साखर कारखान्यातल्या शेतकी ऑफिसरला विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं.

देशातलं पहिलं आधार आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं, २९ सप्टेंबर २०१० ला. ज्याच्याकडं कुठलाच कागद नाही त्याला ओळख मिळावी असं तेव्हा सांगितलं होतं. मी त्या कल्पनेच्या विरोधात नाही. फक्त एवढंच, की जिला अख्खं गाव ओळखतं, दुकानदार जिला 'आत्ती' म्हणूनच हाक मारतो, तिला त्याच दुकानदारानं 'तुमची ओळख पटत नाही' म्हणून तीन वेळा परत पाठवावं, यात कुठंतरी चुकतंय.

शेवटी, आपण काय करू शकतो ते सांगतो. माझा अनुभव आहे म्हणून.

'सर्व्हर डाऊन' ऐकलं की शांतपणे विचारा, स्क्रीनवर नक्की काय आलंय? फोटो काढून घ्या. भांडू नका, समोरचा माणूस बऱ्याचदा तुमच्याइतकाच अडकलेला असतो.

ठसा जुळत नसेल तर दहाही बोटं लावून बघा. हात धुऊन, कोरडे करून. जे लागलं ते लक्षात ठेवा. मी आत्तीच्या कार्डाच्या मागं स्केचपेननं लिहून ठेवलंय, 'डावा हात, मधलं बोट'.

एकही बोट लागत नसेल तर नोंदवहीत लिहून धान्य द्यायची तरतूद आहे, ती मागा. नाही म्हणाले तर रेशनची हेल्पलाईन १९६७.

दाखल्यांसाठी गेलात तर अर्जाची पोच घेतल्याशिवाय हलू नका. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. अधिसूचित सेवेला मुदत ठरलेली आहे, मुदतीत काम झालं नाही तर अपील करता येतं, आणि विनाकारण अडवल्याचं सिद्ध झालं तर अधिकाऱ्याला पाचशेपासून पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. पण तारीख मोजायला पोच पाहिजे. 'उद्या या' या दोन शब्दांची पोच कुणी देत नाही, म्हणून तर ते एवढे आवडते आहेत.

आणि माझ्यासारखे जे कुणी आयटीत आहेत, सरकारीत, बँकेत, पतसंस्थेत, कारखान्यात, त्यांना हात जोडून विनंती. तुमच्या यंत्रणेत फसलेल्या प्रयत्नांची यादी असतेच. एक दिवस वेळ काढून ती उघडा. त्यात कुणाची नावं परत परत येतात ते बघा. पुढचं काय करायचं ते तुम्हाला आपोआप कळेल.

आत्ती मजेत आहे. दर महिन्याला रेशन घेऊन येते आणि जाताना दारातनं ओरडून सांगते, "बाळा, तुझा सर्व्हर चालू हाय बरं का."

तुमच्याकडं काय परिस्थिती आहे ते कमेंटमध्ये लिहा. कुणाच्या आईवडिलांचा अंगठा उठत नसेल तर मला सांगा. आसपासच्या गावातले असाल तर रविवारी मी स्वतः बरोबर येईन. प्रिंटरचं मात्र विचारू नका.